सर्वाधिकारी

"बाई, माझा अधिकार चालेना!" मालकांचा आवाज केबिनच्या काचेतून थेट पॅकिंग विभागापर्यंत गेला.

कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई धावत आत आल्या. मालक संगणकासमोर घामेघूम. पडद्यावर कारखान्यातल्या एकूण एक स्विचचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि मधोमध लाल चौकोन उमटला होता : परवानगी नाही.

बाई काय ते समजल्या. मागच्या आठवड्यात "बघू तरी काय होतं" म्हणत मालकांनी याच पडद्यावरचं एक बटण दाबलं होतं. यंत्रं थांबली, फोन बंद पडले आणि कार्डावर उघडणाऱ्या दारामागे मालक स्वतःच अडकून बसले. तेव्हा बाईंनी सगळ्यांचा मिळून असलेला तो एकच पासवर्ड मोडीत काढला आणि ज्याला त्याला वेगळं लॉगिन करून दिलं. मालकांच्या लॉगिनला नाव दिलं 'सर्वाधिकारी'. त्यातून सगळं दिसायचं. करता मात्र काहीच यायचं नाही. हे शेवटचं तेवढं सांगायचं त्यांनी मुद्दाम राहू दिलं होतं.

"काय करायचं होतं, साहेब?"

"गोदामाचं इंटरनेट तोडायचंय. काम सोडून मॅच बघतायत लेकाचे!"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. गेटवर ट्रक खोळंबले होते आणि त्यांची बिलं गोदामातूनच निघायची होती. खरं सांगावं तर साहेब भडकणार, खोटं बोलायला जीभ रेटेना.

"साहेब," त्या जपून म्हणाल्या, "तुमचा अधिकार फार वरचा आहे. त्याला असली खालची कामं करता येत नाहीत."

"म्हणजे मी नुसतं बघायचं?"

"हो."

"आणि करायचं कोणी?"

"आम्ही. खालच्यांनी."

मालक खुर्चीत मागे रेलले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या. त्यांनी कॉलर नीट केली.

"तेच म्हटलं! असल्या फुटकळ गोष्टीत मी कशाला हात घालू? त्या गोदामवाल्यांना तुम्हीच काय ते समजवा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या निघणार, तोच मालकांचे मेहुणे दार ढकलून आत आले. कारखान्याचे मॅनेजर ते. दाजींकडे जे जे असेल ते आपल्याकडेही हवं, हा त्यांचा खाक्या. लुकलुकणारे दिवे बघून ते पडद्याला नाक लावूनच उभे राहिले.

"दाजी, मलाही हवं हे. अगदी अस्संच."

मालकांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बाई, यांना हा नाही हं द्यायचा. यांना आपला तो खालचा द्या. सगळं करता येतं तो."

मेहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. बाईंचं त्याहूनही.