दोन ठोके शांतता

आमच्या चौकडीतला उरलेला मी एकटाच. बाकीचे तिघं गेले, म्हणून मी त्यांच्यावर रॅप केलं. शाळेतल्या हजेरीसारखी एकेकाच्या नावाने हाक, आणि प्रत्येक हाकेनंतर दोन ठोके शांतता. शेवटी माझं नाव आणि त्यावर माझं "हजर!" असं उत्तर. गाणं तुफान चाललं.

सकाळी मावशीचा फोन आला. "तिघंही काय झकास 'हजर' म्हणतात रे! तुझ्याच नावाला तेवढं कुणी बोलत नाही."

त्या तिघांतल्या ढापण्याने तर जिवंतपणीही कधी वेळेवर हजेरी दिली नव्हती. मावशीचे कान गेले, असं ठरवून मी स्टुडिओ गाठला.

रेकॉर्डिस्टने पडद्यावर गाण्याच्या आवाजाची रेघ दाखवली. तिन्ही शांततांच्या जागी टेकड्या होत्या. माझ्या "हजर"च्या जागी सपाट मैदान.

"त्यांचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी तुझं परत म्हण, जोडून टाकतो."

मी काचेच्या खोलीत उभा राहिलो. घसा खाकरला, छाती फुगवली आणि "हजर!" म्हणालो. मग ओरडलो. तिसऱ्यांदा तर घसाच बसला.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने जांभई दिली.

"अरे, बोल की. माइक कधीचा चालू आहे."