शुक्रवारचा दिवा

“लोरेटा, दर शुक्रवारी गुंथरच्या कबरीवर दिवा लाव. का, ते विचारू नकोस.” शेवटच्या आजारात सासूबाईंनी सांगितलं आणि मी हो म्हणून बसले.

महायुद्धानंतर आमच्या सासऱ्यांशी लग्न करून त्या जर्मनीहून अमेरिकेत, विस्कॉन्सिनला आल्या. गुंथर हा युद्धात इथल्या छावणीत वारलेला जर्मन युद्धकैदी. आत्तेसासूबाई टोमणे मारायच्या, “अगं आनेलीज, नवऱ्याच्या वाढदिवसाला कधी एवढ्या प्रेमानं मेणबत्ती लावलीस का?” सासूबाई हसून काडेपेटी उचलायच्या.

सासूबाई गेल्यावर मी कबर पाहून आले. त्याचं जन्मसाल सासूबाईंचंच! लग्नाआधीचं काहीतरी असणारच. त्यांच्या पापाचा दिवा मी का लावू? पहिला शुक्रवार मी जपमाळ ओढत घरातच काढला.

सोमवारी जर्मनीहून सासूबाईंच्या नावे पत्र आलं. जर्मन जाणणाऱ्या आमच्या फादरांनी वाचून दाखवलं.

“आनेलीज, माझ्या मुलाला तू कधी पाहिलंही नाहीस, तरी त्याचा दिवा सांभाळतेस. माझे पाय आता थकलेत, पण तुझ्या आईच्या कबरीवरचा दिवा मीही एकाही शुक्रवारी चुकवलेला नाही. गुंथरची आई.”

 

शुक्रवारची वाट न बघता मी काडेपेटी उचलली आणि कबरस्तानाकडे निघाले.