भिंतीवरची सवत

धाकट्या जावेला मुलगी झाली, त्या वर्षी धाकट्या दिराने स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती पांढरी डबी बसवली.

"तार आतून तापली की तिच्या प्लॅस्टिकमधून वाफ सुटते," तो सांगत होता. "धूर निघायच्या आधीच हिला ती कळते. मग ही ओरडते."

"म्हणजे ताईंसारखीच," धाकटी हसली.

थोरलीने नाक मुरडलं. या घराचं नाक ती होती. एकदा इस्त्रीची वायर जळायला लागलेली तिने दोन खोल्या पलीकडून ओळखली होती. तेव्हापासून जरा वेगळा वास आला की सगळे तिलाच हाक मारायचे. आणि आता तिच्या नाकावर टिच्चून ही डबी.

"सवत आणून बसवलीत माझ्या डोक्यावर," ती दिराला म्हणाली.

"बरी आहे की," तिचा नवरा म्हणाला. "जेवायला तरी मागत नाही."

पहिल्यांदा डबी ओरडली तेव्हा सगळे थोरलीकडेच धावले. तिला बरं वाटलं. तिने खोलीभर नजर फिरवली. धाकटीची नखं ओली होती.

"नेलपॉलिश," थोरली म्हणाली. "खोटं ओरडते मेली."

पुढच्या वेळी दाराशी वॉर्निशचा डबा उघडा निघाला. मग घरात रीतच पडली. डबी ओरडली की कोणीतरी विचारायचं, "वहिनी, खरं का?" थोरली "खोटं" म्हणाली की सगळे आपापल्या कामाला लागायचे. थोरली मात्र भांडण जिंकल्यासारखी डबीकडे बघत राहायची.

"आता पुन्हा खोटी निघाली तर काढूनच टाकतो," दीर वैतागून म्हणाला. त्या दिवशी थोरली दोन घास जास्त जेवली.

डबी पुन्हा ओरडली ती एका दुपारी. मुलगी फ्रिजपलीकडच्या खोलीत झोपली होती. थोरलीने बघितलं. ओटा कोरडा. शेगडी बंद. कुठे बाटली उघडी नाही. धाकटीची नखं कोरडी.

"खोटंच ना, वहिनी?" दीर ताटावरून न उठताच म्हणाला. "काढायला स्क्रू-ड्रायव्हर आणू का?"

एक शब्द, की सवतीचं तोंड कायमचं बंद. थोरलीने नाक वर केलं.

"खरं," ती म्हणाली. "पोरीला उचला आधी. मेन बंद करा."

फ्रिजमागचा बोर्ड हाताला गरम लागला, तो उघडला. तारांचं आवरण वितळून काळं पडलं होतं आणि मागची फळी करपायला लागली होती. धूर अजून नव्हता.

"डबी काय, कशावरही ओरडते," दीर घाम पुसत म्हणाला. "नाक म्हणजे तुमचंच, वहिनी!"

थोरलीने खुशाल मान डोलावली. जराही श्रेय तिने सवतीला दिलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने तिला बाजूला घेतलं. "मी तुझ्या शेजारीच होतो. मला काही वास आला नाही. तुला कसला वास आला गं?"

"कसलाच नाही. डबी यायच्या आधी मला तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून साबणाचासुद्धा वास येत नाही."

"मग खरं कशावरून म्हणालीस?"

"ती मेली खोटं बोलत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून कळलंय. दर वेळी काहीतरी उघडं निघालंच, आज तसं काहीच नव्हतं. उगाच का डोळ्यांत खुपायची?"

त्या दुपारी थोरलीच्या नाकाने पोर वाचली, असं घरात अजून सांगतात. थोरली पुढच्याच थंडीत वारली. खरं काय ते माहीत असलेला एकटा तिचा नवरा. तो या उन्हाळ्यात वारला.