एक वीत वर

बढतीचे दिवस तोंडावर आले असताना कारखान्याचे मोठे साहेब मुकुंदराव यांनी रत्नाकरला सोनमाशांची जोडी भेट दिली आणि बजावलं, "काचेच्या पेटीवर शंभर वॅटचा बल्ब टांगायचा. पाण्याच्या बरोबर एक वीत वर."

राजाजीनगरच्या घरी रत्नाकरने छताच्या हुकाला साखळी बांधली आणि अगदी मोजूनमापून बल्ब टांगला. दुपारी त्याच्या बायकोने, नीलाने, पाण्यात बोट घातलं. "अहो, चहासारखं तापलंय की! बल्ब जरा वर घ्या."

"साहेबांच्या शब्दाबाहेर जायचं?" रत्नाकर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे मेले, आणि रविवारी तर साहेब चहाला येणार होते. रत्नाकरने धावतपळत शिवाजीनगरचं शोभेच्या माशांचं दुकान गाठलं, हुबेहूब तशीच जोडी आणली आणि साहेबांची गाडी दारात थांबल्यावरच बल्ब लावला.

साहेबांनी मासे बराच वेळ निरखले. मग नीलाकडे वळून ऐटीत म्हणाले, "पाहिलंत? एक वीत! माझा नियम कधी चुकत नाही."

निघताना मात्र त्यांनी रत्नाकरला जिन्यात बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हे नवे कुठल्या दुकानातून आणलेस रे? माझ्याकडचे पुन्हा मेले."