नजरेत भरणारी गिटार

“अहो, शेवटच्या रांगेतूनही नजरेत भरेल अशीच घ्या,” बायकोने निघताना बजावलं होतं. वीस वर्षं गायिकेच्या मागे अंधारात वाजवलं. आता तरी लोकांनी मला बघावं, एवढंच तिचं म्हणणं. दुकानात आरशासारखी चकाकणारी लाल इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली, तर दोन-चार डोकी खरंच वळली. हरखून मी वाजवायला वायर मागितली. “वायर कशाला?” सोबत आलेले ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले. “यापुढे सगळं संगीत रेकॉर्ड केलेलंच लावायचंय. तुम्ही फक्त हात हलवा, मास्तर. म्हणून तर म्हणतो, दिसायला झकास घ्या.” माझी बोटं मात्र सवयीने खुंट्या पिळून तारा सुरात लावू लागली. तेवढ्यात एक तार तुटली. दुकानदार ओशाळला. “नवी बसवून देतो, साहेब.” गिटार पिशवीत ठेवत मी म्हणालो, “राहू द्या. शेवटच्या रांगेतून कुणाला दिसतंय?”