रहीममियांचा कान

रहीममियांनी राजीनाम्याचा अर्ज आधी बन्सीला दाखवला. शाळेतली गाण्याची मास्तरकी ते सोडणार होते.

"माझा कान गेला, बन्सी."

बन्सीनं हातातलं काम बाजूला सारलं. गुलमंडीतल्या त्याच्या दुकानात पार पैठणहून पेट्या दुरुस्तीला येत. बन्सीचा हात लागला की रडकी पेटीही गोड बोलते, असं लोक म्हणत.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत रहीममियां बायकोमुलांना घेऊन खुलताबादेत जाऊन राहिले होते. परतले तेव्हा घराचं कुलूप फुटलेलं, आणि वडिलांची जर्मन सुरांची पेटी गेलेली. भांडी गेली, गाद्या गेल्या, त्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. पेटीसाठी मात्र हा माणूस लेकरासारखा रडला. ती शोधून काढायचं बन्सीनं तेव्हाच कबूल केलं. त्याला सहा वर्षं झाली.

आणि आता हे भलतंच. पैठणच्या भजनात रहीममियांना वडिलांच्या पेटीचा पंचम ऐकू आला. उरसातल्या कव्वालीत गंधार. परवा तर शाळेच्याच पेटीत षड्ज. दर वेळी एखादाच सूर, बाकी पेटी परकी. लोक आधी हसले, मग हसायचेही थांबले. बायकोनं, शमशादनं, दर्ग्यातून ताईत आणून दंडावर बांधला.

"एक पेटी इतक्या ठिकाणी कशी वाजंल, रहीमभाई?" बन्सी हळूच म्हणाला. "या समद्या मीच उघडल्यात. असती तर मला दिसली नसती व्हय?"

"तेच तर. तू कशाला खोटं बोलशील? म्हणजे कानच खोटा. असल्या कानानं पोरींना काय शिकवू?"

बन्सी थांबवेल म्हणून ते जरा वेळ बसून राहिले. बन्सीनं उपरण्यानं डोळे पुसले.

"देऊन टाका अर्ज. जिवाला आराम पडंल."

रहीममियां उठले. पलीकडच्या माडीवर कुणी पेटी वाजवत होतं. त्यांनी मफलर कानांवर ओढून घेतला आणि चालू लागले.

बन्सीनं दुरुस्तीला आलेली काकासाहेबांची पेटी पुढं घेतली. तिच्या मध्यमाचा आवाज बसला होता, आणि जर्मन सूर बाहेरून यायचे कधीच बंद झाले होते. त्यानं फळीमागचा पत्र्याचा डबा काढला. तळाशी दोनच पितळी सूर, पेटीत वाजणाऱ्या बोटभर पट्ट्या, उरले होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर रहीममियांच्या वडिलांनी खिळ्यानं कोरलेलं उर्दू अक्षर होतं. ते त्यानं नेहमीसारखं कानशीनं घासून काढलं आणि सूर पेटीत बसवला.