मधला पाइप

"पट्टी घट्ट बांधा, जावईबापू. नंतर म्हणाल, म्हातारा फटीतून बघत होता."

जावयाने गाठ आवळली. तो रसायनशास्त्र शिकवत असे. सासऱ्यांच्या शब्दावर त्याचा विश्वास होता, जिभेवर नव्हता. दुसरी पट्टी त्याने बायकोच्या डोळ्यांवर बांधली. तंबाखूच्या दुकानाचे दार त्याने आधीच आतून लावले होते. काउंटरच्या अलीकडे लेक, पलीकडे बाप, दोघेही डोळे झाकून, कुस्तीला उतरल्यासारखे.

बापाच्या हाताला कंप सुटल्यापासून दुकानाचे खास मिश्रण लेक करत होती. ती चव नाही, असे बापाचे म्हणणे. त्याच्या हातचा शेवटचा सीलबंद डबा आज फोडला होता.

"माझं-तुझं वेगळं ओळखू आलं नाही, तर आजपासून मिश्रण तुझं," तो म्हणाला होता. "ओळखलं, तर ते माझ्याबरोबर संपलं. भलतंसलतं माझ्या नावावर खपवायचं नाही."

म्हणून जावयाने प्रयोग पद्धतशीर मांडला. लेकीलाही ओळखून दाखवायचे होते, तेव्हा प्रत्येकापुढे तीन पाइप. दोनांत एक तंबाखू, एकात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचे. पाइप मक्याच्या बुरकुंडाचे, दाणे काढलेल्या कणसाचे, नवे कोरे, कारण वापरलेला पाइप जुनी चव विसरत नाही. भरायचे काम सासूबाईंकडे, आतल्या खोलीत. कशात काय आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. उत्तर माहीत असलेल्या माणसाचा आवाज चुगली करतो. "ओल, दाब, सगळं अगदी सारखं हवं, आई," असे त्याने त्यांना दोनदा बजावले होते. "नाहीतर जीभ फसते."

पहिला पाइप. बाप नुसता "हं" म्हणाला. लेकीला धूर हिरवट, उग्र लागला. तिने पाण्याचा घोट घेतला, कोरड्या पावाचा तुकडा चघळला.

दुसरा पाइप. ती ताठ झाली. आधी मनुकांसारखा गोडवा, मग जळत्या लाकडाचा वास, आणि शेवटी नाकात चढणारा तो मिऱ्याचा झटका. आपले मूल गर्दीत नुसत्या खोकल्यावरून ओळखावे, तसे तिने ते ओळखले. तिसरा पाइप तिने केवळ नियम म्हणून ओढला. तो सपक होता.

"एकदमच सांगा," जावई म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "तीन म्हटलं की. एक, दोन, तीन!"

"मधला!"

दोघांचा शब्द एकमेकांवर आदळला. बापाने काउंटरवर थाप मारली. "मधला माझा! म्हातारा मेला नाही अजून!"

"तुमचा? बाबा, तो माझा आहे!"

"बापाला शिकवतेस?"

"बापालाच शिकवतेय!"

पट्ट्या तशाच होत्या. बाप कपाटाशी भांडत होता, लेक दाराशी. एकमेकांना न विचारता दोन्ही जिभांनी एकच उत्तर दिले होते! "आई, बाहेर या!" जावई जवळजवळ ओरडला. "मधल्यात काय होतं?"

सासूबाई हात पुसत आल्या. "मधल्यात? तेच. सगळ्यांत तेच आहे."

"तेच म्हणजे?"

"यांचं कोरडं ठक्क, चिमटीत भुगा होत होता. हिचं ओलं गच्च, काडीला दाद देईना. तुम्हीच म्हणालात ना, सगळं सारखं हवं? दोन्ही डबे पातेल्यात ओतले आणि कालवले. छान सारखं झालं."

जावई स्टुलावर बसला. "पहिल्या पाइपाला जीभ थंड असते," तो स्वतःशीच म्हणाला. "तिसऱ्याला पोळलेली. मधला जिंकणारच."

दोघांनी पट्ट्या खाली ओढल्या.

"शेवटचा डबा होता तो," बाप हळूच म्हणाला.

"आहे की पातेल्यात," सासूबाई म्हणाल्या. "कुठं पळून गेलाय?"

बापाने मधला पाइप पुन्हा तोंडाला लावला. लेकीनेही लावला. या वेळी डोळे उघडे होते आणि उत्तर ठाऊक होते. शास्त्राच्या दृष्टीने या झुरक्याला काडीची किंमत नव्हती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग दोघेही एकदमच सासूबाईंकडे वळले.

"किती किती घेतलंस?"

"मापलं कुठं? ओतलं."

लेक आत धावली आणि पातेले घेऊन आली. बापलेकीची डोकी त्यावर इतकी वाकली की एकमेकांवर आपटली. बापाने चिमूट उचलली. बोटे थरथरली आणि निम्मी तंबाखू काउंटरवर सांडली. तो क्षणभर त्या बोटांकडे पाहत राहिला. मग त्याने छोटा तराजू लेकीपुढे सरकवला.

"तोल तू. कुठं थांबायचं ते मी सांगतो."

"तुम्ही सांगा. थांबायचं मी ठरवीन."

"कार्टी!" बाप खूश होऊन म्हणाला.

"पण बाबा," जावयाला राहवेना, "यातून काहीच सिद्ध झालेलं नाही." तो पट्ट्यांच्या घड्या घालू लागला होता.

बापाने मान वर केली नाही. "त्या आवरू नका, जावईबापू. लागणार आहेत."